वाऱ्यावरचे बिऱ्हाड

कर्वेनगरातील एखाद्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन माणसांचे घर आहे असे समजा. सकाळी नळ सोडला की पाणी येते. बटण दाबले की दिवा लागतो. भाजी संपली तर पिशवी घेऊन खाली उतरायचे, की दहा मिनिटांत भाजी घरात! या घराला जणू अदृश्य दोर बांधलेले आहेत. पाण्याचा दोर खडकवासल्याच्या धरणापर्यंत गेला आहे, विजेचा दोर शेकडो किलोमीटर दूरच्या वीजकेंद्रापर्यंत आणि अन्नाचा दोर मार्केट यार्डापर्यंत.

आता हे सर्व दोर कापून टाका आणि घर समुद्रावर सोडून द्या. घराची लांबी १७ मीटर, त्याला चाके नाहीत, पाया नाही. आहे ती एक उंच डोलकाठी आणि काही शिडे. त्या घरात तीच दोन माणसे वर्षभर कशी राहतील?

हा केवळ कल्पनेचा खेळ नाही. शिडाच्या नौकेतच संसार थाटून राहणारी जोडपी जगात अनेक आहेत. आपल्या देशातील याच्या जवळचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. २ ऑक्टोबर २०२४ रोजी भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोन अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून गोव्याहून निघाल्या. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन अशा चार मुक्कामांनंतर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून त्या २९ मे २०२५ रोजी गोव्याला परतल्या. अंतर पंचवीस हजार सागरी मैलांहून अधिक. तारिणी ही नौका गोव्यातच, मांडवी नदीतील दिवाडी बेटावरच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली आहे. याच नौकेतून २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. दुसऱ्या खेपेस मात्र माणसे दोनच होती.

साहसाची ही कथा तुम्ही वर्तमानपत्रांत वाचली असेल. आपण येथे दुसराच प्रश्न विचारणार आहोत. किनाऱ्यापासून तुटलेल्या अशा घरात गती, स्थैर्य, वीज, पाणी आणि झोप या पाच गोष्टींचा हिशेब कसा बसतो?

वाऱ्याच्या विरुद्ध कसे जायचे?

वारा पाठीमागून येत असेल तर शीड फुगते आणि नौका पुढे जाते, हे कोणालाही समजेल. पण ज्या दिशेने वारा येतो त्याच दिशेला जायचे असेल तर?

कलिंगडाची ओली बी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दाबून पाहा. बोटांचा दाब बाजूंनी आहे, तरी बी पुढे सटकते. शिडाच्या नौकेचे असेच आहे. तिरप्या लावलेल्या, बाकदार शिडावरून जाताना वाऱ्याची दिशा बदलते, म्हणजेच हवेचा संवेग बदलतो. शीड हवेवर बल लावते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हवा शिडावर तितकेच विरुद्ध बल लावते. हे बल शिडाच्या पृष्ठाला जवळजवळ लंब असते. त्याचे दोन घटक पाडा. मोठा घटक नौकेला आडवा ढकलतो, लहान घटक पुढे. नौकेच्या तळाखाली पाण्यात एक रुंद, जड पाते उतरलेले असते. त्याला नौकेचा कणा किंवा कील म्हणतात. नौका आडवी सरकू लागली की या पात्याला पुष्कळ पाणी बाजूला सारावे लागते, म्हणून आडवी गती जवळजवळ थांबते. पुढे जाताना मात्र पाते पाणी सुरीसारखे कापते. चिमटीतील एक बोट म्हणजे वारा आणि दुसरे म्हणजे पाणी!

तरीही थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट काढावी लागते. १० किलोमीटर समोर जायचे असेल तर १० × √२, म्हणजे सुमारे १४ किलोमीटर कापावे लागतात. चार किलोमीटरची ही जादा वाट म्हणजे वाऱ्याला द्यायचा कर होय. तो वाचवायचा तर वाऱ्याबरोबर जाणारा मार्ग निवडणे शहाणपणाचे. दक्षिण गोलार्धात ४० अंश अक्षांशाच्या पलीकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वर्षभर वाहतात, कारण त्यांना अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. तारिणीची प्रदक्षिणा पूर्वेकडे झाली, ती याच वाऱ्यांच्या आधाराने.

घर उलटत का नाही?

हे वारे मदत करतात तसे धाकही घालतात. वारा अडवला असता पडणारा दाब अंदाजे ½ × घनता × वेग² या सूत्राने मिळतो. हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर धरू. वारा १० नॉटचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ५.१ मीटर वेगाचा असेल, तर दर चौरस मीटरवर सुमारे १६ न्यूटन बल पडते. वारा ५० नॉटचा झाला तर? वेग पाचपट, पण दाब पंचवीसपट: सुमारे ४०० न्यूटन! म्हणजे शिडाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ४० किलोग्रॅमचे वजन टेकवल्यासारखे. म्हणून वारा वाढू लागताच शीड गुंडाळून लहान करावे लागते. 'थोडे थांबून पाहू' म्हणणे येथे महागात पडते, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट होईपर्यंत बल चौपट झालेले असते.

नौका कलंडली की कणा दुसरे काम करतो. अशा नौकांच्या कण्यात शिसे किंवा लोखंड यांचे मोठे वजन असते. त्यामुळे संपूर्ण नौकेचा गुरुत्वमध्य खाली राहतो. नौका एका बाजूस झुकली की तिचा पाण्यात बुडालेला भाग बदलतो आणि प्लावक बलाचा मध्य झुकलेल्या बाजूकडे सरकतो. मग खाली ओढणारे वजन आणि वर ढकलणारे प्लावक बल एका रेषेत राहत नाहीत. त्यांचे बलयुग्म तयार होते आणि ते नौकेला पुन्हा उभे करते. नौका जितकी झुकेल तितके हे बलयुग्म, एका मर्यादेपर्यंत, वाढत जाते.

अर्थात घर उलटले नाही म्हणून ते सरळ राहते असे नव्हे. दिवसचे दिवस जमीन वीस अंशांनी तिरपी असते. म्हणून स्वयंपाकाची शेगडी दोन खिळींवर झोपाळ्यासारखी टांगतात. शेगडीचा गुरुत्वमध्य खिळींच्या रेषेखाली असल्यामुळे भिंती झुकल्या तरी शेगडी आडवीच राहते आणि आमटी पातेल्यात!

विजेचा जमाखर्च

आता घरखर्चाकडे वळू. हिशेब सोपा व्हावा म्हणून दोन माणसांची एक नौका कल्पनेने घेऊ. पुढील आकडे तिचे आहेत. वॉट या शक्तीला तासांनी गुणले की वॉट-तास मिळतात. आपल्या वीजबिलातील एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास.

एका दिवसाचा खर्च असा:

सुकाणू आपोआप धरणारे यंत्र: ४० वॉट × २४ तास = ९६० वॉट-तास
स्थान व इतर जहाजे दाखवणारी उपकरणे: १५ वॉट × २४ तास = ३६० वॉट-तास
डोलकाठीवरचा व आतले दिवे: १० वॉट × १२ तास = १२० वॉट-तास
संगणक व उपग्रहामार्फत संपर्क: ४० वॉट × ३ तास = १२० वॉट-तास
३० लिटर गोडे पाणी तयार करणे: १५० वॉट-तास
एकूण: १,७१० वॉट-तास

आता जमा. नौकेवर चार चौरस मीटर सौर पॅनेल आहेत. भर उन्हात दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट सौरशक्ती पडते. त्यातील एक पंचमांश वीज झाली तर चार चौरस मीटरचे ८०० वॉट. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन जमेस धरून पूर्ण दिवस म्हणजे भर उन्हाचे चार तास मानू. जमा झाली ३,२०० वॉट-तास. खर्चाच्या जवळजवळ दुप्पट!

पण दक्षिण महासागरात आभाळ दिवसचे दिवस झाकलेले असते. ढगांमुळे जमा चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे ८०० वॉट-तासांवर आली असे समजा. आता रोज ९१० वॉट-तासांची तूट. बॅटऱ्यांत ९,६०० वॉट-तास साठवलेले आहेत. परंतु बॅटरी पार रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून निम्मेच, ४,८०० वॉट-तास वापरायचे. ४,८०० ला ९१० ने भागा. उत्तर पाचाच्या थोडे वर येते. सहावा दिवसही ढगाळ उगवला तर काय बंद करायचे?

दिवे बंद करणे धोक्याचे, आणि त्यातून वाचते ते फक्त १२०. पाणी बंद करता येत नाही. यादीत मोठी रक्कम एकच आहे: सुकाणू धरणारे यंत्र. ते बंद केले की खर्च ७५० वर येतो आणि ८०० च्या जमेत बसतो. हिशेब जुळला! पण आता सुकाणू कोण धरणार?

माणसे दोनच. चोवीस तासांतील बारा तास एकाने आणि बारा तास दुसऱ्याने थंडीत, पावसात सुकाणूवर बसायचे. उरलेल्या बारा तासांत स्वयंपाक, शिडांची दुरुस्ती, हवामानाचा अभ्यास आणि झोप. झोपही सलग नव्हे, दोन-तीन तासांच्या तुकड्यांत, कारण सुकाणू हाती असलेला थकला की दुसऱ्याने उठलेच पाहिजे. वॉट-तासांची तूट अशी झोपेच्या तासांत वळती होते. आणि झोप कमी पडलेला माणूस शीड गुंडाळायला उशीर करतो. पंचवीसपट दाबाचा हिशेब आठवतो ना? विजेचा जमाखर्च थेट जिवाशी जोडलेला आहे, तो असा.

म्हणून अनुभवी खलाशी उत्पन्नाचे दुसरे मार्ग ठेवतात. एक मार्ग म्हणजे नौकेमागे पाण्यात लहान पंखा सोडून जनित्र फिरवणे. नौका ६ नॉटने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३.१ मीटर वेगाने चालली आहे आणि १०० वॉट वीज हवी आहे. शक्ती = बल × वेग; म्हणून बल = १०० ÷ ३.१, सुमारे ३२ न्यूटन. निदान इतका ओढा पंखा नौकेला मागे लावणारच. यंत्रातील नासाडी धरली तर आणखी अधिक. म्हणजे वीज मिळाली, पण वेगाचा थोडा अंश देऊन. वारा पडला की हे उत्पन्नही थांबते.

दुसरा मार्ग अधिक सुबक आहे: वीज न वापरणारे सुकाणू. नौकेच्या मागील टोकाला वाऱ्यात फिरणारे एक पाते बसवतात आणि ते सुकाणूला जोडतात. नौका वाट सोडून वळली की वारा पात्यावर वेगळ्या कोनातून येतो, पाते झुकते आणि सुकाणू नौकेला परत वाटेवर आणते. विजेचा खर्च शून्य. कमांडर अभिलाष टॉमी यांनी २०२२-२३ च्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून दुसरा क्रमांक मिळवला. त्या शर्यतीत १९६८ सालच्या शर्यतीनंतरची आधुनिक साधने वापरण्यास बंदी असते. तेथे नौकेची दिशा सांभाळण्याचे काम अशी पातीच करतात. दिलना आणि रूपा यांना टॉमी यांचे मार्गदर्शन लाभले होते.

एका लिटर पाण्याची किंमत

चहूकडे पाणी, पण पिण्यासाठी नाही! समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे इतके दाट क्षारपाणी तयार करू शकत नाहीत. त्यामुळे समुद्राचे पाणी प्यायल्यास ते क्षार बाहेर टाकण्यासाठी प्यायलेल्यापेक्षा अधिक पाणी शरीरातून जाते आणि तहान वाढते.

उपाय आहे उलट परासरणाचा. गोडे पाणी आणि खारे पाणी यांच्यामध्ये पाण्याचे रेणू तेवढे जाऊ देणारा पडदा ठेवला तर पाणी गोड्याकडून खाऱ्याकडे जाते. समुद्राच्या पाण्यासाठी हा परासरण दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २७ पट असतो. खाऱ्या बाजूवर त्याहून अधिक दाब दिला तर प्रवाह उलटतो आणि गोडे पाणी मिळते. घरातील 'आर. ओ.' यंत्र हेच करते. मात्र नळाच्या पाण्यात क्षार थोडे असल्याने तेथे कमी दाब पुरतो.

यासाठी किमान किती ऊर्जा लागेल? २७ वातावरण म्हणजे सुमारे २७ लक्ष पास्कल. एक लिटर म्हणजे एक हजारांश घनमीटर. दोहोंचा गुणाकार २,७०० ज्यूल, म्हणजे ०.७५ वॉट-तास. निसर्गनियमाने ठरलेली ही जवळजवळ किमान किंमत. प्रत्यक्ष यंत्राला तिच्या कितीतरी पट ऊर्जा लागते; आपण लिटरला ५ वॉट-तास धरले आहेत.

आता कर्वेनगरच्या घराशी तुलना करा. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे दरडोई दर दिवशी १३५ लिटर हे प्रमाण धरतात. दोघांचे २७० लिटर. इतके पाणी १५ मीटर उंच गच्चीवरच्या टाकीत चढवण्यासाठी २७० × ९.८ × १५ = ३९,६९० ज्यूल, म्हणजे अवघे ११ वॉट-तास लागतील. पंपातील नासाडी धरून वीसेक. तेच २७० लिटर नौकेवर समुद्रातून काढायचे तर १,३५० वॉट-तास हवेत! म्हणून नौकेवर दोघांचे मिळून ३० लिटरांत भागवायचे. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, आंघोळ पावसाची वाट पाहून करायची.

जमिनीपासून सर्वांत दूर

लिटल्टन ते पोर्ट स्टॅन्ली हा तारिणीचा सर्वांत लांबचा टप्पा, सुमारे ५,६०० सागरी मैलांचा. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका मिनिटाइतके अंतर. याच टप्प्यात ३० जानेवारी २०२५ रोजी तारिणी पॉइंट निमो येथून गेली. पॅसिफिक महासागरातील हा बिंदू कोणत्याही जमिनीपासून निदान २,६८८ किलोमीटर दूर आहे. पुणे-दिल्ली हवाई अंतराच्या दुपटीहून अधिक. तेथे कधी कधी सर्वांत जवळची इतर माणसे म्हणजे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या अंतराळस्थानकातील असतात. दोघींनी तेथील पाण्याचे नमुने घेतले, ते गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अभ्यासण्यासाठी. इतक्या दूर सुटा भाग मागवता येत नाही, वैद्याला बोलावता येत नाही. जे बरोबर आहे त्यातच भागवायचे.

आणखी एक गंमत. २ ऑक्टोबर ते २९ मे हे २३९ दिवस. पण गोव्यात बसलेल्या माणसाने या काळात जितके सूर्योदय पाहिले, त्याहून एक अधिक तारिणीवर झाला! पूर्वेकडे जाताना दर १५ रेखांशांना सूर्य एक तास लवकर उगवतो. ३६० रेखांशांत हे २४ तास होतात. अधिक दिवस मिळाला खरा, पण बाकीचे सर्व दिवस किंचित तोकडे करून. निसर्गाच्या वहीत जमा-खर्च नेहमी जुळतो.

आपलेही बिऱ्हाड

आता एक शेवटचा हिशेब. खडकवासल्याचे पाणी आपल्याला स्वस्त मिळते, ते का? तेही मुळात समुद्राचेच पाणी. ते गोडे करण्याचे काम आधीच कोणीतरी केलेले आहे. एक लिटर पाण्याची साध्या तापमानाला वाफ करण्यासाठी सुमारे २४.५ लक्ष ज्यूल, म्हणजे ६८० वॉट-तास ऊर्जा लागते. सूर्य ती देतो. मग नैर्ऋत्य मोसमी वारे ही वाफ उचलून सह्याद्रीवर आणतात. आपण बिल भरतो ते शेवटच्या काही मीटर चढणीचे. बाकीचे बिल सूर्याने आणि वाऱ्याने भरलेले असते.

नौकेवर राहणाऱ्या माणसाला हे पहिल्या वर्षातच कळते, कारण त्याच्यासमोर मीटर सतत फिरत असतो. आपला मीटर भिंतीआड आणि धरण डोंगराआड आहे, एवढाच फरक. पाऊस एका वर्षी कमी झाला की आपल्यालाही 'सहावा ढगाळ दिवस' दिसतो. पाहू गेले तर कर्वेनगरातले घरही वाऱ्यावरचेच बिऱ्हाड आहे. त्याचे दोर लांब आहेत म्हणून ते ध्यानात येत नाही.

करून पाहा

१. झाकणाची रिकामी प्लॅस्टिकची बाटली बादलीतील पाण्यात आडवी तरंगत ठेवा. बोटाने फिरवली तर ती कोणत्याही स्थितीत थांबते. आता बाटलीच्या एका बाजूस लांबीभर सात-आठ मोठे खिळे चिकटपट्टीने बसवा आणि पुन्हा फिरवा. ती प्रत्येक वेळी खिळे खाली घेऊनच का थांबते?

२. घरचे वीजबिल घ्या. महिन्याच्या युनिटांवरून दिवसाचे वॉट-तास काढा. वरील रीतीने भर उन्हात त्यासाठी किती चौरस मीटर सौर पॅनेल लागतील? आणि ढगाळ दिवसात किती?

३. एक दिवस घरातील प्रत्येकाने वापरलेले पाणी बादलीने मोजा. ३० लिटरांत दोघांचे भागवायचे ठरले तर प्रथम कोणता वापर सोडाल? वर्गात यादी करून चर्चा करा.